पुसलेल्या उत्तरांचा हिशेब

वृत्तपत्राच्या कार्यालयात जुने साहित्य नव्या संगणकावर आणताना एक अडचण हमखास येते. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर रूपांतरित केला की पहिली वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटते आणि रफार एक अक्षर पुढे सरकतो. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतील त्या क्रमाने साठवली जात, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात, हे त्याचे कारण. दोनेक वर्षांपूर्वी या अडचणीवर कुणा अनोळखी माणसाने लिहिलेले दहा-बारा ओळींचे उत्तर एका तांत्रिक मदत समुदायात मला सापडले होते. परवा पुन्हा गरज पडली, तेव्हा त्या जागी पान काढून टाकल्याची एका ओळीची सूचना तेवढी होती. ते कोणी काढले आणि का काढले, याचा उल्लेख कोठेही नव्हता.

प्रसंग किरकोळ आहे, पण त्यामागचा प्रश्न तसा नाही. संगणकाच्या क्षेत्रातील व्यावहारिक ज्ञानाचा फार मोठा भाग आज पाठ्यपुस्तकांत नाही. तो अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना विनामोबदला दिलेल्या उत्तरांत आहे. फोंड्यातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो की बेळगावात दुकानांसाठी हिशेबाची प्रणाली लिहिणारा तरुण, दोघेही अडले की याच उत्तरांकडे वळतात. अशा सार्वजनिक ठेव्यातून काय राहावे आणि काय पुसले जावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, यावर गेल्या काही वर्षांत उघड संघर्ष झाला. त्याचा सर्वांत बोलका इतिहास ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळाचा आहे.

जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केले. गप्पांना थारा नाही, एका प्रश्नाला नेमके उत्तर हवे आणि ते पुढच्या शेकडो जणांना उपयोगी पडावे, ही त्याची शिस्त. त्यासाठी छाटणी अपरिहार्य होती. तोच प्रश्न पन्नास वेळा विचारला गेला तर शोधणाऱ्याच्या हाती पन्नास अर्धवट उत्तरे येतात आणि चांगले उत्तर त्यांत हरवते. म्हणून पुनरावृत्त किंवा संदिग्ध प्रश्न बंद करणे व निरुपयोगी मजकूर वगळणे, हे काम समुदायाकडेच सोपवण्यात आले. सदस्याच्या उत्तरांना मिळणाऱ्या मतांतून गुण जमतात आणि गुणांबरोबर अधिकार वाढतात. तीन हजार गुणांना कोणताही प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येते, दहा हजारांना वगळलेला मजकूर पाहता येतो. त्याखेरीज सदस्यांनी निवडून दिलेले मॉडरेटर असतात आणि त्यांनाही वेतन मिळत नाही. दीर्घकाळ अनुत्तरित राहिलेले, कोणी फारसे न पाहिलेले प्रश्न तर यंत्रणा आपोआप काढून टाकते.

या व्यवस्थेने संकेतस्थळाचा दर्जा टिकवला, हे मान्य केलेच पाहिजे. तिची किंमत मात्र नवख्यांनी मोजली. इंग्रजी कच्चे असलेला, प्रश्न नीट मांडता न येणारा विद्यार्थी पहिलाच प्रश्न विचारतो, काही मिनिटांत तो बंद होतो आणि काही दिवसांनी नाहीसाही होतो. विद्यार्थी पुन्हा तिकडे फिरकत नाही. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर कबुली दिली, की नवख्यांना आणि उपेक्षित गटांना हे ठिकाण आपलेसे वाटत नाही. तसे पाहिले तर वगळलेला मजकूर पाहण्याचा अधिकार दहा हजार गुणांच्या पलीकडे ठेवणे, हेच त्या दुराव्याचे लक्षण होते. निकाल ज्याला भोगावा लागतो, त्याच्यासारख्यांना पूर्वीचे निकाल पाहून शिकण्याची सोय नव्हती.

खरी ठिणगी पडली ती कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ खुले झाले आणि आठवडाभरातच त्याने लिहिलेल्या उत्तरांवर स्टॅक ओव्हरफ्लोने तात्पुरती बंदी घातली. कारण साधे होते. ही उत्तरे दिसायला सफाईदार, पण बऱ्याचदा चुकीची असत, आणि ती तपासायला लागणारा वेळ लिहिण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक होता. पुढे मे २०२३ च्या अखेरीस कंपनीने मॉडरेटरांना कळवले, की केवळ यंत्राने लिहिल्याच्या संशयावरून उत्तरे वगळू नयेत. निर्दोष सदस्यांवर, विशेषतः इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांवर, अन्याय होतो, असे कंपनीचे म्हणणे होते. ते सर्वस्वी चूक नव्हते. यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने भरवशाची नाहीत, हे मॉडरेटरांनाही ठाऊक होते. परंतु सविस्तर सूचना गुप्त आणि जाहीर भूमिका वेगळी, असा मॉडरेटरांचा आक्षेप होता. ५ जून २०२३ रोजी त्यांनी काम थांबवले. वेतन न घेणाऱ्यांचा हा संप सुमारे दोन महिने चालला आणि वाटाघाटींनंतर ऑगस्टमध्ये मिटला. कोणत्या पुराव्यावर उत्तर वगळता येईल, याचे निकष दोन्ही बाजूंनी मिळून ठरवले.

वर्षभरात चित्र नेमके उलटे झाले. मे २०२४ मध्ये कंपनीने ‘ओपनएआय’शी भागीदारी जाहीर केली. आपण फुकट दिलेली उत्तरे आता यंत्र घडवण्यासाठी पुरवली जाणार, हे पाहून काही सदस्यांनी स्वतःचीच उत्तरे पुसण्याचा किंवा त्या जागी निषेधाचा मजकूर लिहिण्याचा प्रयत्न केला. कंपनीने मूळ मजकूर पुनःस्थापित केला आणि अशा काही सदस्यांची खाती तात्पुरती गोठवली. नियमांच्या दृष्टीने कंपनीची बाजू भक्कम होती. तेथे लिहिलेला मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली असतो आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. पण याच परवान्याची दुसरी अट आहे, मूळ लेखकाला श्रेय देण्याची. यंत्राच्या उत्तरात ते श्रेय कसे टिकणार, हा सदस्यांचा प्रश्न रास्तच होता.

याच सुमारास ‘रेडिट’वरही वेगळ्या कारणाने हेच घडले. जून २०२३ मध्ये बाहेरील ॲपसाठी आकारल्या जाणाऱ्या नव्या दरांच्या निषेधार्थ आठ हजारांहून अधिक समुदायांनी आपली दारे बंद केली. त्या दिवसांत संगणकाची एखादी अडचण शोधणाऱ्याला शोधयंत्रात उत्तराचा दुवा दिसे, पण तो उघडल्यावर कुलूप लागलेले पान समोर येई. काहींनी तर आपल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी कायमच्या पुसल्या. निषेध कंपनीविरुद्ध होता, नुकसान मात्र त्रयस्थ वाचकाचे झाले.

या घटना एकत्र पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. मॉडरेटर दर्जाच्या नावाने पुसतो, कंपनी व्यवसायाच्या नावाने कधी पुसते, कधी पुसू देत नाही, आणि लेखक हक्काच्या नावाने पुसतो. तिघांचीही कारणे आपापल्या जागी समजण्यासारखी आहेत. या वादात ज्याला प्रतिनिधी नाही, तो म्हणजे उद्या तेच उत्तर शोधत येणारा माणूस.

त्याच्या हितासाठी वगळणे बंद करावे, असे कोणी म्हणणार नाही. चुकीची, कालबाह्य, प्रसंगी धोकादायक उत्तरे राहू देणे हेही त्याचेच नुकसान आहे. मागणी एवढीच हवी, की वगळल्याची नोंद राहावी. कोणत्या नियमाखाली, कोणत्या अधिकाराने, केव्हा, आणि दाद कोठे मागायची, या चार गोष्टी वाचकाला दिसल्या पाहिजेत. हे अशक्य नाही. २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियावर प्रचालकाने एखादे पान वगळले, तर वगळल्याची नोंद, प्रचालकाचे सदस्यनाम आणि त्याने दिलेले कारण कोणालाही पाहता येते. निर्णय पटो वा न पटो, तो झाकलेला नसतो.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. आपल्याकडील २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारण कळवणे आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे अपेक्षित आहे. मात्र ही तरतूद आक्षेपार्ह किंवा बेकायदा मजकुरासाठी आहे. ‘हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे’ अशा निर्णयाला ती क्वचितच लागू पडेल. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने एक पाऊल पुढे टाकले आहे. सेवेच्या स्वतःच्या अटींखाली मजकूर काढला तरी त्याची स्पष्ट कारणे लेखकाला द्यावी लागतात. पण तोही लेखकापुरताच. वाचकाला कारण सांगण्याचा दंडक कायद्यापेक्षा त्या-त्या समुदायानेच घालून घेतला पाहिजे.

यात आपल्यालाही एक धडा आहे. मराठी टंकलेखन, फॉन्ट, शासकीय संकेतस्थळांवरील अर्ज यांविषयीची आपली मदत आज बहुतांशी व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांत चालते. तेथे कोणी तत्परतेने उत्तर देतो, अडलेला माणूस आभार मानतो आणि चार दिवसांत ते उत्तर शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडले जाते. फोन बदलला की तेही राहत नाही. तेथे कोणाला पुसण्याचीही गरज पडत नाही, कारण जपण्याची व्यवस्थाच नाही. इंग्रजीतील समुदायांचे भांडण निदान जपलेल्या ठेव्यावरून आहे.

वेलांटीचे ते दहा-बारा ओळींचे उत्तर मला परत मिळाले नाही. आमच्या एका सहकाऱ्याने जुन्या वहीत ते उतरवून ठेवले होते, म्हणून त्या दिवशीचे काम निभावले. एका अनोळखी माणसाच्या परोपकाराला वहीच्या पानाचा आधार लागावा, हे डिजिटल युगाला शोभणारे नाही. उत्तर देणाऱ्याने ते कोणा कंपनीला किंवा मॉडरेटरला दिलेले नसते. ते पुढे येणाऱ्यासाठी ठेवलेले असते, आणि ते काढताना निदान त्याला कारण सांगितले गेले पाहिजे.