दीड की पावणेदोन?

दांडिया बाजार, रावपुरा येथील जुन्या मराठी घरांतून गायकवाडी अमदानीतील मोडी कागद अद्याप निघतात. निघताच त्यांचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ते दूरदूरच्या नातलगांस व्हॉट्सॲपवरून धाडण्याची रीत आता पडली आहे. हेतू स्तुत्यच. मध्यंतरी एक जमाखर्चाची यादी अशीच चार ठिकाणी फिरून आमच्याकडे वाचावयास आली. जुन्या हिशेबात १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन, हे वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको. त्या प्रतीत रेघा दोन की तीन, हेच आम्हांस उमगेना. भोवती करड्या ठिपक्यांचे धुके तेवढे होते.

हे धुके शाईचे नव्हे, गणिताचे. ४००० बिंदू रुंद व ३००० बिंदू उंच छायाचित्रात १ कोटी २० लक्ष बिंदू असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले तर ३ कोटी ६० लक्ष बाइट होतात. फोनमधील फाइल पुष्कळदा याच्या दशांशाएवढीच असते. ही किमया १९९२ साली प्रमाणित झालेल्या जेपेग पद्धतीची. तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले होते.

डोळा उजेडातील फरक जितका टिपतो तितका रंगातील टिपत नाही. म्हणून रंगाची नोंद बहुधा आधीच विरळ करतात. मग चित्राचे आठ बिंदू लांब, आठ रुंद असे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोन कोसाइनच्या लाटांपासून केलेल्या ६४ ठराविक नक्ष्यांची बेरीज समजून, कोणती नक्षी किती, एवढेच मांडतात. काही नक्ष्या संथ छटेच्या, काही दाट पट्ट्यांच्या. ही प्रमाणे ठोकळ करतात, दाट पट्ट्यांची तर विशेषच. पुष्कळांचे शून्य होते, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते.

मावळतीच्या आकाशाचे यात काही बिघडत नाही. शाईची रेघ मात्र पांढऱ्यावरून काळ्यावर एकदम उडी घेते. तिला दाट नक्ष्याच हव्यात. त्या गाळल्या की रेघेच्या कडेस लहरी उठतात. व्हॉट्सॲपवरून साधे छायाचित्र म्हणून धाडल्यास बिंदूंची संख्याही बहुधा घटते, आणि कोणी मध्येच ते कापून पुन्हा साठविले की ठोकळ मोजणी पुन्हा एकदा होते.

म्हणून मोडी कागदाची फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावी. ती आहे तशी पोहोचते. स्कॅन करावयाचे असल्यास पीएनजी निवडावे. त्यात केवळ पुनरुक्ती आवळून लिहितात. फाइल जड होते, पण प्रत्येक बिंदू जसाच्या तसा परत मिळतो. बिघडलेल्या जेपेगचे मागाहून पीएनजी करणारी मंडळीही आम्ही पाहिली आहेत. त्याने गेलेली रेघ येत नाही, फाइल तेवढी फुगते.