तेरा फुटांचं घर आणि आईची बैलगाडी

‘आम्ही घर घेतलं!’ ताईचा मेसेज आला तेव्हा पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी एका क्लायंटच्या ब्रोशरशी झगडत होते. पाठोपाठ फोटो. पांढरंशुभ्र, गोलमटोल, उकडलेल्या अंड्यासारखं काहीतरी. खाली दोन चाकं, पुढे गाडीला अडकवायचा दांडा. मी विचारलं, ‘ही काय आइस्क्रीमची गाडी?’ उत्तर आलं, ‘ट्रॅव्हल ट्रेलर. तेरा फुटी. सेकंडहॅण्ड. पण आपला!’

त्या ‘आपला’मागे मोठी स्टोरी आहे. ताई-जिजू अमेरिकेत मिनिआपोलिसजवळ राहतात. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांचा नंबर कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. नोकरी गेली तर व्हिसाचं घड्याळ लगेच टिकटिकायला लागतं. अशात तीस वर्षांचं होमलोन घ्यायचं कशाच्या जोरावर? भाड्याच्या अपार्टमेंटला भोक पाडायचं तरी परवानगी लागते. म्हणून मग हे. याच्या भिंतीला ताईने पहिल्याच दिवशी खिळा मारायला घेतला आणि जिजू किंचाळले. फायबरग्लास आहे, भोक पडलं की पाऊस आत!

गेल्या जुलैत मी आणि आई तिकडे गेलो आणि या ‘घरा’तून चार दिवस इटास्का स्टेट पार्कला जाऊन आलो. मिसिसिपी नदी उगम पावते ते हे पार्क. १८९१ सालचं, मिनेसोटातलं सगळ्यात जुनं. चार माणसं, तेरा फूट. त्यातले काही फूट तर नुसत्या दांड्याचेच. एसी स्लीपरमध्येही कुरकुर करणारी मी वरच्या बंकवर झोपले. छत नाकापासून वीतभर.

पण आधी खरेदी. कारण मी परतल्यापासून निदान चार मित्रांनी ‘असा ट्रेलर केवढ्याला पडतो, बॉस?’ असं विचारलंय. त्यातले दोघं न्यू जर्सीत आहेत, त्यांच्यासाठी हे खास. फायबरग्लासच्या या छोट्या ट्रेलर्सची (मिनेसोटातच बनणारा स्कॅम्प हा त्यातला फेमस) बॉडी म्हणजे दोन अर्धी टरफलं मधोमध जोडलेली. सांधे कमी, म्हणून गळती कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. खिडक्यांच्या कडा आणि छतावरचा व्हेंट, पाणी इथूनच शिरतं. जिजूंनी चार ट्रेलर बघितले आणि दर वेळी बूट काढून आत चालले. पायाखाली जमीन बिस्किटासारखी मऊ लागली की सरळ ‘थँक यू’ म्हणून बाहेर. आतले पडदे कितीही गोड असोत.

दुसरं, टायर. नक्षी नवीकोरी दिसेल, फसू नका. हे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर टायरचे पैसे किमतीतून वजा करून बोला. आणि आपली गाडी किती ओढू शकते हे मालकाच्या तोंडून नाही, गाडीच्या मॅन्युअलमधून वाचा. गाडीत बसलेली माणसं आणि डिकीतलं सामानही त्या हिशेबात येतं.

हे सगळं जिजूंनी परफेक्ट केलं होतं. एक्सेल शीटसकट. तरीही आम्ही जवळजवळ रस्त्याच्या कडेला आडवे झालो होतो.

झालं असं. इटास्का म्हणजे साधारण चार तासांचा रस्ता. आईने नेहमीप्रमाणे लग्नाला निघाल्यासारखं पॅकिंग केलं. तांदूळ, पोहे, कुकर, लोखंडी तवा, बर्फाने गच्च भरलेला कूलर. मागच्या बाकाखाली जागा रिकामी होती, सगळं तिथे गेलं. त्याच बाकाखाली पाण्याची टाकी, बारा गॅलनची. ती ‘तिकडे पाणी मिळेल न मिळेल’ म्हणून काठोकाठ. म्हणजे ४५ किलो नुसतं पाणी. वर मागच्या बाजूला स्टँड लावून दोन सायकली. दार लागलं, आम्ही खूश.

आय-९४ हायवेवर तासाभराने एक भलामोठा ट्रक शेजारून सुसाट गेला आणि ट्रेलरने मागून शेपूट हलवली. आधी हलकेच. मग गाडीच डावी-उजवीकडे फेकली जाऊ लागली. जिजूंनी घाबरून ब्रेक दाबला आणि ते आणखी वाढलं. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. ताई ओरडली, ‘ब्रेक सोड! ब्रेक सोड!’ जिजूंनी पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, वेग उतरला आणि ती शेपूट हळूहळू थांबली. सात-आठ सेकंदांचा खेळ असेल. पुढच्या रेस्ट एरियात उतरल्यावर जिजूंना किल्ली खिशात घालता येत नव्हती, इतके हात थरथरत होते.

याला स्वे म्हणतात. तो सुरू झाला तर गाडीचा ब्रेक जोरात मारायचा नाही, वळवावळवी करायची नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. ट्रेलरला स्वतंत्र इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त तो, डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरने, हळू दाबायचा. ताईच्या ट्रेलरला होता. पण त्या क्षणी कंट्रोलर कुठे आहे हे आठवायला आधी रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करावा लागतो. तो राहिला होता.

आम्ही तिघं गवतावर सुन्न बसलो होतो. आई मात्र ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, ‘अहो जावईबापू, गाडी उलाळ झालीये तुमची.’

जिजू मुंबईचे. त्यांना उलाळ काय कळणार! आईचं बालपण साताऱ्याकडच्या खेड्यात गेलं. तिने जमिनीवर काडीने बैलगाडी काढून दाखवली. पोती मागे जास्त भरली की गाडीचा पुढचा भाग उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून वर येतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. फार पुढे भरली तर बैलांच्या माना मोडतात. ‘मानेवर थोडं ओझं राहायलाच हवं. माझे वडील जू हाताने उचलून बघायचे.’

जिजूंच्या एक्सेलमध्ये याचं नाव होतं टंग वेट. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर हवा. आकडा माहीत होता, पण भरताना लक्षात कोण ठेवतं? मग रेस्ट एरियात सगळा संसार गवतावर आला. कूलर आणि कुकर चाकांच्या किंचित पुढे, जमिनीवर. सायकली आत, बरोबर चाकांवर. पाण्याची टाकी रिकामी. तांदूळ गाडीच्या डिकीत. एक अमेरिकन आजी कुत्रा फिरवता फिरवता आमच्याकडे बघत होत्या. आईने त्यांना चिवडा दिला.

पुढे ताईने गाडी चालवली. ताशी साठ मैलांच्या वर काटा गेला नाही, आणि बाजूने तसलेच चार ट्रक गेले तरी ट्रेलर शहाण्यासारखा मागे येत राहिला.

घरी परतल्यावर जिजूंनी बाथरूमचा वजनकाटा काढला, त्यावर फळी ठेवली आणि ट्रेलरचा दांडा टेकवला. ९०० किलोच्या आसपास भरलेल्या ट्रेलरला दांड्यावर निदान ९० किलो हवेत. मुद्दाम जुन्या पद्धतीने भरून बघितलं तर काटा पन्नासच्याही खाली! वजनकाट्याची ही आयडिया छोट्या ट्रेलरलाच जमते. फक्त काट्याची क्षमता आधी बघा आणि चाकांना अडण्या लावून, सपाट जमिनीवर करा.

कॅम्पवर पोचल्यावरचा पहिला ड्रामा रिव्हर्सचा. अख्खं कॅम्पग्राऊंड खुर्च्या टाकून तुमच्याकडे बघत असतं. फंडा सोपा आहे. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, हात त्या बाजूला. बाहेर उभ्या माणसाने आरडाओरडा करायचा नाही आणि आरशात दिसेल असंच उभं राहायचं. लग्न टिकवायचं असेल तर हे इशारे घरीच ठरवा, असं ताईचं मत आहे.

मग क्रम. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावं-उजवं सपाट करा, एका चाकाखाली ठोकळे घालून. मग चाकांना अडण्या. मगच गाडी सोडवा आणि पुढचा जॅक फिरवून पुढचं-मागचं जुळवा. अडण्यांआधी सोडवलं तर ट्रेलर चालू पडतो. गॅसवर चालणारा छोटा फ्रिज वाकडा उभा राहिला तर धड गार करत नाही, हेही एक कारण. कोपऱ्यातले चार पाय फक्त डुगडुग थांबवायला, वजन उचलायला नव्हेत.

आत फोडणी देऊ नका. प्लीज. पहिल्या रात्री पाऊस होता म्हणून आईने आत आमटीला लसणाची फोडणी दिली. पुढचे तीन दिवस माझी उशी आमटी होती! बाहेरच्या टेबलावर शेगडी लावा. आत शिजवायचंच असेल तर व्हेंट उघडा, आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्मची बॅटरी निघायच्या आधी तपासा. थंडीतही व्हेंट बोटभर उघडा ठेवा, नाहीतर चार माणसांच्या श्वासाचं पाणी पहाटे छतावरून टपकतं. माझ्या नाकावर टपकलं.

भांड्यांचं पाणी झाडाखाली ओतायचं नाही, बादलीत धरून ठरलेल्या जागी टाकायचं. उरलेलं अन्न टेबलावर ठेवायचं नाही. अस्वलं खरंच आहेत. सरपण घरून न्यायचं नाही, त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात, तिथलंच मान्यता असलेलं घ्यायचं. रात्री दहानंतर आवाज बंद, कुकरच्या शिट्ट्याही त्यातच आल्या. टॉयलेट? तेरा फुटात आमच्याकडे पोर्टेबल डबा होता. दिवसा पार्कच्या बाथरूमला जायचं आणि डबा फक्त रात्रीच्या इमर्जन्सीला. तो डम्प स्टेशनवर रिकामा करणं जिजूंकडे. जावई म्हणून त्यांनी तक्रार केली नाही.

तिसऱ्या सकाळी आई मिसिसिपी चालत ओलांडून गेली. उगमापाशी ती नदी आपल्या ओढ्याएवढी, दगडांवरून पाय टाकत जाता येते. शेजारच्या ओंडक्यावर लिहिलंय, इथून समुद्रापर्यंत २५५२ मैल. आईने साडी खोचली, पलीकडे जाऊन हात केला आणि परत आली. रात्री तळ्यावर लून पक्षी विव्हळल्यासारखा ओरडत होता. ताई हळूच म्हणाली, ‘उद्या परत जावं लागलं ना इथून, तर याचं काय करायचं हाच पहिला प्रश्न असेल.’ जिजू काही बोलले नाहीत. उठून व्हेंट बोटभर उघडून आले.

(आपल्याकडे? महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. पण बाईकवाले दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या रस्त्यावर मागे ट्रेलर ओढायचा म्हणजे... इंजिनवाली कॅरॅव्हॅन भाड्याने घ्या, हे माझं मत.)

मिनेसोटात हिवाळा लवकर येतो. ऑक्टोबरात जिजूंनी पाइप रिकामे करून त्यात गुलाबी अँटिफ्रीझ भरलं. हे आरव्हीसाठीचं वेगळं मिळतं, कारमधलं विषारी असतं, ते घालायचं नाही. उंदीर येऊ नयेत म्हणून फटीत स्टील वूल कोंबली. ट्रेलर आता कव्हर घालून भाड्याच्या पार्किंगमध्ये झोपलाय.

ताईने दाराच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवला. निघण्यापूर्वीची यादी तिथे चिकटवलीय, आईच्या अक्षरात. साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या. मागचे लाईट. गॅस बंद. व्हेंट बंद. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित: ‘उलाळ नाही ना?’