खेड्यांतील मूल आणि मानसशास्त्रज्ञ

संत्र्याच्या बागेंत कोळशी दिसूं लागली किंवा झाडाच्या बुंध्यास डिंक आला, तर कोणीहि शहाणा बागाईतदार झाडास आळशी म्हणत नाहीं. तो मुळ्या पाहतो, पाण्याचा निचरा पाहतो, जाणत्यास विचारतो. परंतु त्याच बागाईतदाराचा मुलगा चौथींत जाऊनहि अडखळत वाचूं लागला, कीं "हा ढ आहे, ह्यास डवऱ्यामागें लावा" असा निकाल घरांत एका संध्याकाळीं लागतो. झाडास जी चौकशी मिळते ती पोटच्या मुलास मिळूं नये, ही आमच्या मतें आपल्या समाजाची मोठी उणीव होय.

मूल कां शिकत नाहीं ह्याचा शास्त्रीय शोध घेणारा तज्ज्ञ तो शिक्षण-मानसशास्त्रज्ञ. लंडन काउंटी कौन्सिलानें असा पहिला अधिकारी 1913 सालीं नेमला. मुलास ऐकूं कमी येतें काय, बुद्धि चांगली असून केवळ वाचनाचीच अडचण आहे काय, किंवा घरांतील कलह, कर्ज वा मृत्यु ह्यांमुळें त्याचें मन बसत नाहीं काय, हें तो चाचण्या घेऊन व आईबापांशीं बोलून ठरवितो. वाचन-लेखनाची ही विशिष्ट अडचण 2016 च्या दिव्यांग-हक्क कायद्यानें दिव्यांगत्वांत गणली आहे. परंतु असे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच सांपडतात, आणि तेथेंहि शाळेच्या चार भिंतींत. आमचें म्हणणें असें कीं, त्यांनीं त्या भिंतींबाहेर यावें. कारण ज्या मुलास त्यांची गरज सर्वांत अधिक, तें बहुधा शाळा सोडून गेलेलें असतें. मुलीस कापूस वेचणीच्या दिवसांत घरीं ठेवावी कीं नाहीं, मुलानें दहावीस पुन्हा बसावें कीं नाहीं, ह्याचा निर्णय वर्गांत होत नाहीं. तो ओसरीवर होतो.

असें काम खेड्यांत चालेल काय, अशी शंका कोणी घेईल. त्याचें उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. 2006 सालीं पंतप्रधानांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं 3,750 कोटि रुपयांची योजना जाहीर केली. तींत कर्ज, व्याज व पाटबंधारे ह्यांचा विचार होता, आणि तो अवश्यच होता. परंतु खचलेल्या मनाकडे पाहण्याचें काम मागें राहिलें. तें पुढें 'विश्राम' नांवाच्या उपक्रमानें अमरावती जिल्ह्यांतील 30 गांवांत हातीं घेतलें. गांवांतीलच माणसांस शिकवून तयार केलें. त्यांनीं घरोघरीं जाऊन विचारपूस केली, सभा घेतल्या, आणि दुखणें अधिक असल्यास समुपदेशकाकडे व डॉक्टराकडे पाठविलें. नैराश्यानें पीडलेल्यांपैकीं उपचार घेणारांचें प्रमाण अठरा महिन्यांत शेंकडा 4.3 वरून 27.2 वर गेलें, असें 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत नमूद आहे. हें काम मुलांच्या शिक्षणाचें नव्हतें हें खरें. परंतु तज्ज्ञ थोडे असले तरी त्यांच्या देखरेखीखालीं गांवचीं माणसें पुष्कळ करूं शकतात, हें त्यानें सिद्ध केलें. आणि बापाचें मन सांवरलें म्हणजे मुलाची शाळाहि सांवरते.

दुसरें उदाहरण अचलपूर तालुक्यांतलेंच. परतवाड्याजवळ वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर ह्यांनीं टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर व अंध मुलांस आपलें नांव देऊन वाढविलें. त्यांस 2024 सालीं पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीं येथें वाढलेली एक अंध मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. जगानें ज्यांस निरुपयोगी ठरविलें त्यांची ही गोष्ट आहे. मग धडधाकट मुलास एका नापासाच्या शिक्क्यावरून आपण मोडींत कां काढावें?

"आमच्या घरांत कोणी वेडें नाहीं" असें म्हणून पुष्कळ जण ह्या विषयाकडे पाठ फिरवितात. ही भीति घालविण्याची पद्धति वऱ्हाडास नवी नाहीं. शेंडगांवीं 1876 सालीं जन्मलेले गाडगेमहाराज श्रोत्यांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. शाळा जेथें पोंचत नव्हती तेथें त्यांचें कीर्तन पोंचलें. मानसशास्त्रज्ञानेंहि उपदेश कमी करावा व असे प्रश्न अधिक विचारावे.

तेव्हां आपल्या सभासदांपुढें आम्ही तीन सूचना ठेवितों. पहिली, अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत वा बाजार समितीच्या आवारांत बाजाराच्या दिवशीं असा एक तज्ज्ञ बसावा, अशी मागणी सरकाराकडे ठरावानें करावी. दुसरी, प्रत्येक गांवांतून आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व एक शिकलेला तरुण शेतकरी ह्यांस मुलांच्या अडचणी ओळखण्याचें शिक्षण मिळवून द्यावें. तिसरी सूचना बिनखर्चाची: तपासणी झाल्यावांचून कोणत्याहि मुलास ढ म्हणूं नये. मोठ्यांचेंहि मन फारच जड झालें तर सरकारी टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, हें घरोघर सांगावें.

बियाणें उगवलें नाहीं तर दुबार पेरणी करतां येते. मुलाचें वय मात्र एकदांच मिळतें, हें ध्यानांत ठेवून येत्या हंगामापूर्वींच हा ठराव व्हावा, एवढेंच आमचें मागणें आहे.