निर्देशांकाला तारीख हवी

चेन्नईच्या अण्णा नगरात १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्यासाठी बांधलेला १३५ फुटी टॉवर आहे. त्याच्या माथ्यावर उपग्रह रिसीव्हर ठेवला, तर चहूबाजूंनी मोकळे आकाश मिळते आणि थोड्याच वेळात ‘फिक्स’, म्हणजे पक्के स्थान, मिळतो. तोच रिसीव्हर खाली दाटीच्या गल्लीत नेला की भिंतींवर आपटून आलेले संकेत त्याला चकवतात, झाडांच्या फांद्या काही उपग्रह झाकतात आणि काम ‘फ्लोट’वर, म्हणजे अंदाजी स्थानावर, अडते. टॉवरच्याच नावाच्या भुयारी मेट्रो स्थानकात तर संकेत पोचतच नाही. फिक्स आणि फ्लोट दोन्ही अवस्थांत पडद्यावर मिलिमीटरपर्यंतचे आकडे सारख्याच ठामपणे दिसतात. मोजणी नकाशावर मात्र नुसता आकडा उतरतो. तो कोणत्या परिस्थितीत मिळाला, हे अनेकदा लिहिलेच जात नाही.

रिसीव्हर मुळात अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून स्वतःची वेळ आणि कक्षा सांगत असतात. स्थान ठरवायला तीन अंतरे पुरली असती; पण रिसीव्हरचे घड्याळ साधे असते आणि त्याची चूकही शोधून काढावी लागते, म्हणून चौथा उपग्रह लागतो. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. सापेक्षतेच्या परिणामामुळे उपग्रहावरचे घड्याळ पृथ्वीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती आधीच केलेली नसती, तर एका दिवसात अंतरे ११ किलोमीटरने बिघडली असती.

वेळेची चूक जमिनीवर कशी पसरते, हे चेन्नईने फार पूर्वी पाहिले आहे. नुंगमबाक्कम येथे १७९२ मध्ये उभ्या राहिलेल्या मद्रास वेधशाळेचा रेखांश देशाच्या सर्वेक्षणाला आधार होता. तो आधी ८० अंश १७ मिनिटे २१ सेकंद धरला गेला. पुढे तो ८० अंश १४ मिनिटे ५४ सेकंद असल्याचे ठरले. घड्याळात हा फरक दहा सेकंदांहूनही कमी, पण जमिनीवर सुमारे साडेचार किलोमीटर. जुन्या पद्धतीने काढलेला रेखांश आजच्या रिसीव्हरमध्ये तसाच भरला, तर अण्णा नगरचा टॉवर शोधायला निघालेला माणूस पुरसवाक्कमच्या आसपास पोचेल.

पण जुन्या मोजणीदारांनी एक काम चोख केले: आकड्यासोबत त्याची दुरुस्ती आणि परिस्थितीही लिहून ठेवली. जुन्या नकाशांवर रेखांशातून २ मिनिटे २७.१८ सेकंद वजा करावेत अशी टीप छापलेली सापडते. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी अण्णा नगरच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, सेंट थॉमस माउंटपाशी, आधाररेषेची मोजणी सुरू केली, तेव्हा साखळीच्या लांबीसोबत तापमानही नोंदले; पोलाद उन्हात लांबते हे तो जाणून होता. 

आजच्या उपकरणांच्या आकड्यांमागेही नोंदवायलाच हव्यात अशा तीन गोष्टी लपलेल्या असतात. पहिली, संदर्भ. पृथ्वीचा आकार म्हणून पूर्वी धरलेल्या एव्हरेस्ट लंबगोलावरचे निर्देशांक आणि आजच्या डब्ल्यूजीएस-८४ संदर्भावरचे निर्देशांक यांत शंभर मीटरांहून अधिक फरक पडतो. दुसरी, तारीख. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांत एक मीटर. तिसरी, उंची. अण्णा नगर समुद्रसपाटीपेक्षा काही मीटर उंच आहे, पण तिथे रिसीव्हर जी कच्ची उंची देतो ती उणे ८० मीटरच्या आसपास असते, कारण या भागात जिऑइड, म्हणजे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, लंबगोलाच्या सुमारे ९० मीटर खाली आहे. ओट्टेरी नाल्यासारख्या सपाट प्रवाहाचा उतार काढणाऱ्याने कोणते जिऑइड मॉडेल वापरले, हे लिहिले नाही तर ती पातळी दुसऱ्या कुणाच्या पातळीशी जोडता येत नाही.

त्यात आपले आकाशही सोपे नाही. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारताजवळून जाते. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, आयनमंडलात विरळ पोकळ्या तयार होतात आणि संकेत थरथरतात. दोन वारंवारिता वापरल्या की आयनमंडलाने लावलेला उशीर मोजता येतो. या थरथरीवर मात्र वेळ बदलून पुन्हा निरीक्षण घेणे हाच भरवशाचा उपाय. ‘नाविक’ ही आपली देशी उपग्रह प्रणाली एल-५ आणि एस पट्ट्यांत संकेत देते. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरीकोट्याहून गेला. पुढे काही उपग्रहांची आणवीय घड्याळे बंद पडली. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ देशी रुबिडियम घड्याळ घेऊन गेला. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. त्यामुळे निरीक्षणात कोणत्या प्रणालींचे किती उपग्रह होते, ही नोंदही महत्त्वाची ठरते.

महाराष्ट्रात नोंदींचा हा प्रश्न आता तालुक्याच्या कार्यालयात आला आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावठाणाच्या ड्रोन मोजणीनंतर २०२० मध्ये गावठाणांच्या मोजणीची स्वामित्व योजना आली. कायम संदर्भ केंद्रांचे जाळे उभे राहिले आणि भूकरमापकाच्या हाती रोव्हर, म्हणजे फिरता रिसीव्हर, आला. वेग वाढला, हे स्वागतार्हच आहे. पण रोव्हर दगड कुठे आहे एवढेच सांगतो; तो दगड हद्दीचा आहे का, हे टिपण व फाळणी हे जुने मोजणी अभिलेख वाचून आणि वहिवाट पाहूनच ठरते. दाट वस्तीत रोव्हरचा हट्ट धरू नये. मोकळ्या जागी दोन नियंत्रण बिंदू पक्के करून पुढचे काम ईटीएसने (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने) करणे अधिक सुरक्षित.

भूमी अभिलेख विभागाने ‘क’ प्रतीच्या, म्हणजे मोजणी नकाशाच्या प्रतीच्या, नमुन्यात संदर्भ प्रणाली, निर्देशांकाची तारीख, आधार केंद्र, फिक्सची स्थिती, निरीक्षणाची वेळ आणि उंची दिली असल्यास जिऑइड मॉडेल, असे सहा रकाने घालावेत. नमुना बदलेपर्यंत प्रत्येक मोजणीदाराने ही माहिती शेऱ्यात हाताने लिहावी आणि कच्च्या निरीक्षणांची फाइल प्रकरणासोबत जतन करावी. वीस वर्षांनी त्याच बांधावर वाद उभा राहिला, तर पुढच्या भूकरमापकाला तो एक मीटर कुठून आला हे याच नोंदींतून कळेल.