बिलावरचे दोन रुपये

मैत्रिणींनो, परवा महिन्याचं वाणसामान आणायला गावातल्या नव्या मोठ्या दुकानात गेले होते. बिल करणारी मुलगी म्हणाली, "काकू, शाळेतल्या मुलांसाठी दोन रुपये टाकू ना?" मागं रांग खोळंबलेली. नाही म्हणायला जीभ रेटेना. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागली. भाजीवालीशी रुपया-रुपयासाठी घासाघीस करणारी मी, पण हे पैसे कुणाला पोचणार एवढंसुद्धा विचारलं नाही!

म्हणून यातली माहिती काढली, ती तुम्हालाही सांगते.

ते दोन रुपये तुमचं-माझं दान. कंपनीचं दान वेगळं असतं, आणि ते तिच्या मर्जीवर सोडलेलं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. म्हणजे सरासरी नफा १०० कोटी असेल, तर २ कोटी! शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी अशी कामं त्यात बसतात. राजकीय पक्षाला दिलेली देणगी किंवा फक्त स्वतःच्या नोकरांसाठी केलेली सोय चालत नाही. आणि जिथं धंदा, त्या भागाला आधी प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. डी-मार्ट चालवणाऱ्या कंपनीनं या निधीतून मुंबईच्या महापालिका शाळांत वाचनालयं आणि संगणकवर्ग उभे केले आहेत.

मग आपल्या गावातल्या शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र का मिळू नये? आमच्या महिला मंडळानं तसा अर्ज केलाही होता. तो दुकानाच्या मॅनेजरच्या खणात सहा महिने पडून राहिला. चूक आमचीच. हा निर्णय दुकानात होत नाही, कंपनीच्या मुख्य कचेरीत होतो.

तेव्हा अर्ज करताना एवढं सांभाळा:

१. कंपनीच्या वेबसाइटवर तिचं धोरण आणि हाती घेतलेली कामं दिलेली असतात. घरातल्या कॉलेजकन्येला शोधून द्यायला सांगा. आपलं काम त्यात बसतं का ते पाहा.

२. मंडळाच्या नावानं रोख पैसे मागू नका. असा निधी घेणाऱ्या संस्थेला सरकारदरबारी वेगळी नोंदणी लागते. त्यापेक्षा वस्तू थेट शाळेला द्या, असं सुचवा. मुख्याध्यापकांचं पत्र जोडा.

३. मुलं किती, खर्च किती, यंत्राची देखभाल कोण करणार, हे एका पानात लिहा. दोन दुकानांची दरपत्रकं जोडा.

४. अर्जाची पोच घ्या.

आणि बिलावरच्या दोन रुपयांचं काय? द्यायचे तर आनंदानं द्या, पण कोणत्या संस्थेला जातात ते विचारा आणि बिलावर नोंद पाहा. नसतील द्यायचे तर सरळ "नको गं" म्हणा. त्यात लाज कसली?

आमचा नवा अर्ज मुख्य कचेरीला गेला आहे. उत्तर आलं की कळवीनच!