मांडीवरचे दुपटे

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक गाठोडे असते. कपाटाच्या माथ्यावर, पलंगाखालच्या पेटीत किंवा माळ्यावर. त्यात विरलेली लुगडी, ब्लाउज शिवून उरलेले तुकडे, नातवंडांची झबली, एखादा न वापरलेला खण आणि ज्यांचे काय करावे हे कोणीच ठरवू शकलेले नाही, असेही काही कपडे असतात. गेल्या पंधरवड्यात आपण हातांच्या सांध्यांना येणाऱ्या ताठरपणाविषयी बोललो. या वेळी ते गाठोडे खाली काढू या. स्वतः स्टुलावर चढू नका. ते काम घरातल्या तरुण माणसाला सांगा.

गोधडी किंवा वाकळ आपल्याला नवी नाही. जुन्या लुगड्याधोतरांचे थर एकावर एक अंथरायचे, फाटल्या जागी ठिगळ लावायचे आणि सगळ्यांतून धावदोरा घालत जायचे, हे आपल्या आजींनी केलेले आहे. पण सत्तरीनंतर पूर्ण गोधडीचा घाट घालू नये. ती मांडीवर सावरत नाही आणि भिजली की एकट्याला उचलत नाही. म्हणून मी सुचवते आहे ते मांडीवर पांघरण्याजोगे लहान दुपटे. आरामखुर्चीत, चाकांच्या खुर्चीत किंवा दवाखान्याच्या बाकावर गुडघे झाकायला ते पुरते. बसून शिवता येते आणि धुतल्यावर सहज वाळते.

तुकडे निवडण्याआधी मला माझी एक चूक सांगायची आहे. वडील आषाढात गेले. दिवसकार्य होताच नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणाले, कपडे देऊन टाका, डोळ्यांसमोर नकोत. मला ते पटले नाही, पण मीही निराळी घाई केली. हाताला काम मिळाले तर आईचे मन रमेल, या समजुतीने मी वडिलांचे सहा सदरे आणि धार लावून आणलेली कात्री तिच्यासमोर ठेवली. तिने सदऱ्यांवरून हात फिरवला, पुन्हा घड्या घातल्या आणि पेटी बंद केली. "अगं, अजून वास आहे त्यांना," एवढेच म्हणाली. मी पुष्कळ समजावले. समजावायला नको होते.

मार्गशीर्षात एका दुपारी तिने आपण होऊन एक सदरा काढला. कात्री लावली ती आधी गुंड्यांना. त्या एका वाटीत ठेवल्या. कापड दुसऱ्या दिवशी कापले.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या स्त्रियांच्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर पोहोचल्या. त्यांतील एक मिसूरी पेटवे यांनी 1942 साली, पती गेल्यानंतर, त्यांच्या शेतात वापरायच्या कपड्यांची शिवली होती. त्यांची आठवण राहावी आणि त्यांच्या मायेचे पांघरूण असावे, म्हणून ती शिवल्याचे त्यांच्या मुलीने पुढे सांगितले आहे. विटलेला निळा, मातकट, राखी अशा रंगांची ती गोधडी पाहताना गुडघ्यांवर विरलेल्या विजारी ओळखू येतात. या गोष्टीला देश नसावा. तरीही प्रत्येक घरात ती केव्हा घडावी, की घडूच नये, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. शुश्रूषा करणाऱ्यांनी पेटीची किल्ली हाती द्यावी आणि बाजूला व्हावे.

आता कापड. सुती घ्यावे. नायलॉन, जॉर्जेट असली कापडे बोटांतून निसटतात, त्यांच्या कडा सुटतात आणि घाम टिपत नाहीत. शिंप्याकडचे कातरण मागितले तर पिशवीभर मिळते. नवा तुकडा असेल तर आधी धुऊन वाळवावा, कारण सुती कापड पहिल्या पाण्यात आटते. गडद लाल आणि निळ्या कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग उतरला तर तो तुकडा कितीही देखणा असो, त्याला बाजूला ठेवावे. जुने कापड उजेडासमोर धरावे. जिथून खिडकी स्पष्ट दिसते तो भाग सुईचा ताण सोसणार नाही.

मांडणीत खरी गंमत आहे आणि तिथेच मी आपल्याला जास्त वेळ थांबवणार आहे. वयानुसार डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जाते. त्यामुळे गडद निळा आणि काळा, किंवा निळा आणि हिरवा, यांतला फरक कळेनासा होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांना निळा रंग पुन्हा लख्ख दिसू लागतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. म्हणून रंगांची जुळवाजुळव करण्यापेक्षा तुकड्यांचे फक्त दोन ढीग करावेत, उजळ आणि गडद. शंका आली तर डोळे अर्धवट मिटून पाहावे. नक्षी विरघळते आणि फक्त उजेड-अंधार उरतो. छापील फुले, चौकडा, बारीक रेघा असे सगळे मग निर्धास्त एकत्र नांदते. ज्यांची स्मरणशक्ती ओसरते आहे अशा व्यक्तींनाही हे ढीग करता येतात. त्यांच्या हाती सुई देऊ नये, पण "हा कुठल्या ढिगात टाकू?" असे विचारावे आणि सांगतील तिथे ठेवावे. एखादा तुकडा पाहून जुनी गोष्ट निघाली तर काम तिथेच थांबवून ती ऐकावी.

मापाचा हिशेब एकदा नीट समजून घ्या, कारण पहिल्या वेळी इथेच चुकते. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा 5 इंची चौरस कापून त्यावरून पेन्सिलीने 63 तुकडे आखावेत, 32 एका ढिगातले आणि 31 दुसऱ्यातले. आडव्या ओळीत 7 आणि उभ्या ओळीत 9 असे एकाआड एक मांडले की चारही कोपऱ्यांना एकाच ढिगातले तुकडे येतात. तुकडे 5 इंचांचे, म्हणजे रुंदी 35 इंच, असे वाटते. पण प्रत्येक तुकड्याचा अर्धा इंच शिवणीत जातो. सात तुकड्यांत सहा शिवणी, म्हणून रुंदी 29 इंच उरते, आणि नऊ तुकड्यांत आठ शिवणी, म्हणून लांबी 37 इंच. सराईत हात पाव इंचाची शिवण ठेवतात. आपण अर्ध्या इंचाचीच ठेवावी. ती दिसते, आणि टाका जरा वाकडा गेला तरी कापड सुटत नाही.

सगळे तुकडे आधी पलंगावर मांडून ठेवावेत आणि एक रात्र तसेच राहू द्यावेत. सकाळी जाता-येता नजर पडली की दोन-तीन तुकड्यांच्या जागा बदलाव्याशा वाटतात. मग एकेक आडवी ओळ जोडावी. पहिल्या ओळीच्या शिवणी डावीकडे, दुसरीच्या उजवीकडे अशी इस्त्री फिरवली की ओळी एकमेकींना जोडताना शिवणींचा गठ्ठा होत नाही आणि कोपरे आपसूक जुळतात. खाली मऊ लुगड्याचे अस्तर 33 बाय 41 इंचांचे घ्यावे, मध्ये धोतराचा किंवा जुन्या चादरीचा एक थर. तिन्ही थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून मधून बाहेर धावदोरा घालत जावे. शेवटी अस्तराची चारी बाजूंना उरलेली 2 इंच कड एकदा अर्धी दुमडून, पुन्हा वर घेऊन टाचली की वेगळी पट्टी लावावी लागत नाही.

एवढे मोजमाप नको वाटत असेल, तर कारवारकडची दुसरी रीत आहे, आणि खरे सांगायचे तर मला तीच अधिक आवडते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या माणसांचे अनेक वंशज त्यांत आहेत, आणि घरात कोंकणी बोलणारेही पुष्कळ. त्यांच्या स्त्रिया कवंदी शिवतात ती काठाकडून आत. अस्तर अंथरायचे, एका कोपऱ्यापासून तुकड्याची कड दुमडून ठेवायची, धावदोऱ्याने थेट खालपर्यंत टाचायची आणि पुढचा तुकडा शेजारी घ्यायचा. टाक्यांच्या ओळी चौकोनात फिरत फिरत मध्यावर येतात. आधी नकाशा नसतो आणि तुकडे सारख्या मापाचेही लागत नाहीत. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची लहान फुले बसवतात. त्यांवाचून कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. थकल्यावर जिथे असाल तिथे सुई खोचून काम बाजूला ठेवता येते, हा या रीतीचा आपल्या वयाला मोठा उपकार आहे.

शरीराकडे थोडे लक्ष. उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी उजेड डाव्या खांद्यावरून घ्यावा. लांब, मोठ्या नेढ्याची सुई आणि हातभर दोरा पुरे. दोऱ्याचे टोक ओल्या साबणावर ओढले की ओवणे सोपे जाते. गडद कापडावर पांढरा दोरा वापरावा, टाके दिसले तर दिसू द्यावेत. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून घरात एक फेरी मारावी. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर कापण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, कारण सुईपेक्षा कात्री अंगठ्याला जास्त छळते. मधुमेहामुळे बोटे बधिर असतील तर टोचलेले कळत नाही. अंगुस्तान घालावे आणि उठताना बोटे नीट पाहावीत. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर लहानसे टोचणेही बराच वेळ वाहते, म्हणून स्वच्छ फडके शेजारी असावे. अशा वेळी ते दाबून धरावे. औषध मनाने बंद करू नये. सुया मोजून घ्याव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. हरवलेली सुई शोधायला लोहचुंबक उत्तम, मात्र हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर ते काम दुसऱ्याने करावे.

चाकांच्या खुर्चीसाठी दुपटे असेल तर ते पोटऱ्यांखाली लोंबू नये, चाकात अडकते. विस्मरण झालेल्या माणसाच्या हातांना चाळा म्हणून त्यावर खिसा, गाठी मारलेली नाडी, मखमलीचा तुकडा, चेन असे काही शिवता येते. गुंड्या किंवा मणी मात्र नकोत. ते उपटून तोंडात जाण्याची भीती असते. आणि पणतवंडासाठी शिवणार असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना ते पांघरू नका. जागेपणी, कोणीतरी जवळ बसलेले असताना, खाली अंथरायला ते छान आहे.

आईच्या दुपट्याचे सांगायचे राहिले. निम्मे झाल्यावर तिच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे काही दिवस टाके फार वाकडे पडू लागले, एक लांब, एक आखूड. एका रात्री ती निजल्यावर मी दोन ओळी उसवल्या आणि नीट घातल्या. तिला मदत करते आहे असेच मला वाटत होते. सकाळी तिने कापडावर बोट फिरवले, काही बोलली नाही, आणि पुढचे आठ दिवस त्या कामाला हात लावला नाही. आपल्यापैकी जे कोणाची शुश्रूषा करतात त्यांना यापुढे मी काय म्हणणार ते कळले असेल. नवव्या दिवशी मी क्षमा मागितली. तिने सुई मागितली.

दुपटे संक्रांतीच्या सुमारास पुरे झाले. सदऱ्याचा खिसा तिने कापला नव्हता. तो तसाच्या तसा उजव्या कडेच्या चौकोनात बसवला. आता त्यात चष्मा पुसायचे फडके असते आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी असते. वडीलही त्यांच्या गोळ्या तिथेच ठेवत. माझ्या दोन सरळ ओळी तिने उसवल्या नाहीत, त्याच्या शेजारून आपल्या घातल्या. बोट फिरवले की कुठल्या कोणाच्या ते लगेच समजते.