रेतीघाटांच्या हिशेबातून सुटलेला समुद्र

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत भरती-ओहोटीचा धडा शिकवला जातो तो बहुधा मुंबईचा समुद्र डोळ्यांपुढे ठेवून. वस्तुतः या दोन जिल्ह्यांचे पाणी अरबी समुद्राला मिळतच नाही. वर्धा व वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते, पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते आणि हा सारा प्रवाह बंगालच्या उपसागराकडे जातो. गोदावरीच्या एकूण पाणलोट क्षेत्रापैकी सुमारे एकतृतीयांश क्षेत्र प्राणहितेचे आहे. तेव्हा आंध्रच्या किनाऱ्यावरील गोदावरीचा त्रिभुज प्रदेश ज्या मातीने घडला, तिच्यात वैनगंगेच्या खोऱ्याचा वाटा लहान नाही. रेतीघाटांचा लिलाव पुकारताना हे नाते कोणाच्या ध्यानी नसते.

चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूवर अधिक व दूरच्या बाजूवर कमी पडते. या फरकाने समुद्राचे पाणी दोन्ही बाजूंना फुगते आणि बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्याचे बळ चंद्राला मिळून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भरती भांगाची असते. परंतु पाणी किती चढेल हे किनाऱ्याच्या घडणीवर ठरते. खंबायतच्या निमुळत्या आखातात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांतील फरक १० मीटरच्या आसपास जातो. काकिनाड्याला तो जेमतेम दीड मीटर.

म्हणून तेथील भरती निरुद्योगी असते असे नव्हे. ती गाळ खाड्यांतून आत नेते, कोरिंगाच्या खारफुटीच्या मुळांत तो अडकतो आणि जमीन हळूहळू उंच होते. रेती वाहण्याचे जड काम मात्र लाटांचे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तिरप्या येणाऱ्या लाटा नदीमुखाची रेती किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे सरकवतात. काकिनाड्याच्या बंदरापुढे अशाच रेतीचा सुमारे १६ किलोमीटर लांबीचा दांडा तयार झाला आहे. त्यालाच होप आयलंड म्हणतात. त्याच्या आडोशाने बंदरातील पाणी शांत राहते. एकोणिसाव्या शतकात याच नदीतून मध्य प्रांतातील कापूस समुद्रापर्यंत नेण्याचा घाट इंग्रजांनी घातला होता. १८७१ मध्ये तो सोडून द्यावा लागला. कापूस गेला नाही. रेती जातच राहिली.

आता तीही कमी जाऊ लागली आहे. आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७० नंतरच्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून नेत होती. १९९० नंतरच्या दशकात हे प्रमाण सहा कोटी टनांच्याही खाली आले. १९७६ ते २००१ या काळात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची निव्वळ हानी १,८०० हेक्टरांहून अधिक झाली. समुद्राचे काम थांबलेले नाही. लाटा रेती नेतातच. तिची जागा घेणारी रेती मागून येत नाही.

मुख्य दोष धरणांकडे जातो. पण सिंचन हवे असताना धरणे पाडा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जे धरणांच्या बाबतीत टाळता येत नाही, ते रेतीच्या बाबतीत टाळता येण्याजोगे आहे. कायद्याच्या भाषेत रेती हे ‘गौण खनिज’. २०२३ मध्ये राज्य शासनाने ६०० रुपये ब्रास दराने रेती देण्याचे ठरवले, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाची वाट धरली. दोन्ही वेळा वाद झाला तो ग्राहकाला ती किती स्वस्त पडेल आणि तिजोरीत किती भर पडेल याचा.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पावसाळ्यात घाटात किती रेती पुन्हा भरते याचा अभ्यास सांगितला आहे. हे स्वागतार्हच, पण त्यामागील विचार मुदलाला हात न लावता व्याज खाण्याचा आहे. नदीला हा दाखला लागू पडत नाही. यंदा घाटात भरलेली रेती हे व्याज नव्हे, तो वाटेतला माल आहे; पुढील पुरात खालच्या घाटाला आणि कालांतराने समुद्राला पोचायचा. घाटोघाटी ‘भरून आलेली’ म्हणून ती उचलली, तर प्रत्येक घाटाचा हिशेब जुळतो आणि नदी मात्र रिकामी होते. आंध्रच्या किनाऱ्याचे सोयरसुतक नसले, तरी पात्र खोल गेल्यावर काठ ढासळतात आणि विहिरींची पातळी उतरते, हा तोटा वैनगंगेकाठच्याच शेतकऱ्याचा आहे.

गोदावरी लवादाने १९८० मध्ये पाणी राज्याराज्यांत वाटून दिले. मेडीगड्ड्याच्या बंधाऱ्यासाठी २०१६ मध्ये महाराष्ट्र व तेलंगण यांच्यात पातळी ठरली, १०० मीटर. पाण्याला असे वारस पुष्कळ आहेत, रेतीला एकही नाही. केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे आष्टी व टेकरा येथे आहेतच. तेथील गाळाचे आकडे घाटांची यादी ठरवताना जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावेत आणि दरवर्षी काही घाट पाळीपाळीने लिलावातून वगळावेत. त्यामुळे महसुलात किती घट येते, हेही त्याच बैठकीत मांडता येईल.